आज मशीन चालू आहे का?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, आणि मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कर्करोगाच्या रुग्णांना मिळणाऱ्या, आणि न मिळणाऱ्या, किरणोपचाराबाबत.

स. न. वि. वि.

एकच पत्र दोघांना लिहिते आहे, कारण आमचं जिल्हा रुग्णालय एका खात्याचं आणि शेक देणारं मशीन दुसऱ्या खात्याचं. आजारी माणसाला हा फरक कळत नाही. आम्हाला तो कळायला दोन महिने लागले.

मी वाशिम जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या आईला २०२३ च्या दिवाळीनंतर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. गाठ मोठी होती, शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. डॉक्टरांनी रेडिओथेरपी सांगितली. सरकारी कागदावर तिला किरणोपचार म्हणतात. रुग्णालयाच्या व्हरांड्यात मात्र दोन्ही शब्द कुणी वापरत नाही. तिथे ‘लाईट’ म्हणतात, नाहीतर ‘शेक’. मीही पुढे शेकच म्हणणार आहे.

आईच्या शेकाचं कार्ड माझ्याकडे आहे. पिवळट जाड कागद, दुमडून दुमडून मधोमध फाटलेला, आणि त्यावर रोजची तारीख व सही. ठरलं होतं असं : आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे, एकूण २५ वेळा बाहेरून शेक. आठवड्याला एक केमोथेरपीचं सलाईन. मग आतून तीन शेक, म्हणजे किरण देणारा स्रोत नळीने थेट गाठीजवळ नेऊन दिलेले. सगळं मिळून आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपायला हवं, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. पहिली सही ८ जानेवारी २०२४ ची आहे आणि शेवटची २७ मार्चची. ८० दिवस. २४ दिवस जास्त. मधे मशीन दोनदा बंद पडलं, एकदा नऊ दिवस आणि एकदा चार. सरकारी सुट्ट्या तीन. आणि बाहेरचा शेक संपल्यावर आतल्या शेकासाठी दुसऱ्या शहरात नंबर लागेपर्यंत आणखी काही दिवस, कारण जिथे बाहेरून शेक मिळत होता तिथे आतून देण्याची सोय नव्हती.

ठरलेल्या मुदतीपेक्षा उपचार लांबला, की प्रत्येक जास्तीच्या दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्क्याने घटते, असं या कर्करोगावरच्या अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. पेशींना मार बसतो, मग मधे सवड मिळाली की त्या पुन्हा वाढायला लागतात. मी गणित शिकवते, त्यामुळे २४ ला अर्ध्याने आणि एकाने गुणून झालं आहे. त्या २४ दिवसांमुळेच आई गेली असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच सांगता येणार नाही. ती पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी गेली, एवढं खरं आहे.

हे पत्र आईसाठी नाही. ते लिहायला बसले त्याचं कारण वेगळं. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं काढायचं ठरलं, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने राज्याचं सर्वसमावेशक कर्करोग धोरण मंजूर केलं : तीन स्तर, १८ रुग्णालयं आणि ते सगळं चालवायला ‘महाकेअर’ नावाची कंपनी. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्या दिवसापासून जो तो मला सांगतो आहे, की बाई, आता कुठे जायला नको, सगळं जिल्ह्यातच होणार. डे-केअर केंद्रात सलाईनमधून औषध मिळतं, शेक मिळत नाही, हे सांगून मी थकले. कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी शेक लागतो. त्यांना अजूनही पिशवी भरून एस.टी.च्या स्टँडवरच जावं लागणार आहे.

म्हणून माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार मशीनच्या संख्येची आणि जागेची. दहा लाख लोकांमागे किमान एक मशीन, हे जगभर वापरलं जाणारं ढोबळ माप आहे. २०११ च्या जनगणनेत आपण ११ कोटी २४ लाख होतो, आता त्याहून जास्त आहोत. दुसरीकडून मोजा : २०२२ साली महाराष्ट्रात कर्करोगाचे सुमारे १ लाख २१ हजार नवे रुग्ण असावेत असा अंदाज आहे. निम्म्यांना शेक धरला तर ६० हजार. एक मशीन वर्षाला साधारण ४५० रुग्णांचे उपचार नीट पार पाडू शकतं. भागाकार करा, १३० च्या पुढे जातो. आज जी मशीन आहेत त्यांतली बहुतेक मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत दाटीने बसली आहेत आणि त्यांतली बरीच खासगी आहेत. वाशिम हा देशाच्या आकांक्षित, म्हणजे मागे पडलेले म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांपैकी एक. गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवही त्याच यादीत. आकांक्षा आमची आणि मशीन शहरात, अशी वाटणी झाली आहे.

यात मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. शेकाच्या मशीनला जे जे लागतं ते बहुतेक सगळं एकट्या मुंबईच्या आसपास आहे. भाभाट्रॉन हे स्वदेशी कोबाल्ट मशीन तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलं. त्यात भरायचा कोबाल्ट पुरवणारी ‘ब्रिट’ ही संस्था वाशीला. स्वदेशी लिनॅक, म्हणजे कोबाल्टऐवजी विजेवर किरण तयार करणारं मशीन, बनवणारी ‘समीर’ ही संस्था पवईत. परवानगी देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरात. आणि १९४१ पासून देशभरच्या गरिबांचा भार वाहणारं टाटा रुग्णालय परळला. भाभाट्रॉन आपण व्हिएतनामला भेट म्हणून दिलं, त्याचा मला अभिमानच आहे. ‘समीर’चं मशीन सेवाग्रामच्या महात्मा गांधी संस्थेत बसलं, म्हणजे खेड्यातल्या रुग्णालयात हे जमतं, हेही आपल्याच राज्यात दिसून आलं आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आणि १९८७ पासून तिथे गावोगावच्या रुग्णांची नोंदणीही सुरू आहे. मग बाकीच्यांच्या वाट्याला दिव्याखालचा अंधार का?

दुसरी तक्रार बंद मशीनची, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

ओटीपोटावर शेक घेणाऱ्या बाईला आधी लघवी करून यावं लागतं, मग अर्धा-पाऊण लिटर पाणी प्यायचं आणि मूत्राशय भरेपर्यंत रोखून बसायचं. भरलेल्या मूत्राशयामुळे आतडी वर सरकतात आणि शेकातून वाचतात. रोज सकाळी व्हरांड्यात बाया अशा रांगेने बसलेल्या असत. पोटावर जांभळ्या शाईच्या रेघा, त्या पुसू नयेत म्हणून आंघोळ जपून केलेली, हातात पाण्याची बाटली. कुणी बोलत नसे, कारण हसलं की कळ यायची. आणि मग आतून आवाज यायचा, की वीज गेली, नाहीतर मशीन ट्रिप झालं, नाहीतर एसी बंद पडला म्हणून मशीन तापलं. अर्धा तास थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा अर्धा तास. आजारी, साठीतल्या बाया, त्यांना किती वेळ धरवणार? सगळ्या जणी एका संडासापुढे रांग लावायच्या, परत यायच्या आणि पुन्हा पाणी प्यायला सुरुवात करायच्या. एकदा आईने हे चार वेळा केलं आणि संध्याकाळी सहा वाजता समजलं, की आज होणार नाही.

नऊ दिवसांच्या बंदमध्ये ती रोज सकाळी उठून मला विचारायची, “बाई, आज मशीन चालू हाय का वं?” पाचव्या दिवसापासून म्हणायला लागली, “मले घरी जाऊ दे. वावरात तूर सोंगाची राह्यली.” सुटा भाग बाहेरगावाहून यायचा होता. देखभालीचा करार संपला होता आणि नव्या कराराची फाईल कुठेतरी होती. कुठे, ते कुणालाच सांगता येईना. तिथल्या तंत्रज्ञांवर आणि डॉक्टरांवर माझा राग नाही. मशीन सुरू झाल्यावर त्या पोरांनी रात्री साडेनऊपर्यंत रुग्ण घेतले. एकाने तर आईला स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

त्याच दिवसांत रस्त्यापलीकडच्या एका खासगी रुग्णालयात मशीन सुरू होतं. तिथे का पाठवत नाही, असं मी विचारलं. दोन उत्तरं मिळाली. एक असं, की शेकाचं प्लॅनिंग त्या-त्या मशीनपुरतं असतं, दुसऱ्या मशीनवर ते जसंच्या तसं चालत नाही, नव्याने हिशेब मांडावा लागतो. हे मला पटलं. दुसरं असं, की जनआरोग्य योजनेतलं पॅकेज इथे उघडलं आहे, ते आता तिकडे नेता येत नाही. हे मला आजही पटलेलं नाही.

कोबाल्टच्या मशीनचं दुखणं वेगळं. ते बंद पडत नाही, म्हातारं होतं. कोबाल्ट-६० ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. पहिल्या वर्षी ज्या रुग्णाला दोन मिनिटं झोपावं लागे, त्याला मग चार मिनिटं लागतात. दिवसाकाठी होणारे रुग्ण कमी होतात आणि प्रतीक्षा यादी वाढते. कागदावर मशीन ‘कार्यरत’च असतं. तारीख वार माहीत असलेली झीज आहे ही. तरी नवा स्रोत मागवायची फाईल वेळेत का हलत नाही?

तिसरी तक्रार माणसांची. हे मशीन म्हणजे नुसती बटणं नव्हेत. आधी सीटी काढून डॉक्टर गाठीची आणि वाचवायच्या अवयवांची सीमा रेघांनी आखतात, मग मेडिकल फिजिसिस्ट किरण कुठून, किती, कसे जातील त्याचा हिशेब करतो आणि मग तंत्रज्ञ रोज रुग्णाला मिलिमीटरच्या हिशेबाने त्याच जागी झोपवतो. तिघांपैकी एक नसला तर काम अडतं. नियामक मंडळाच्या नियमांनुसार पात्र माणसांशिवाय मशीन चालवताही येत नाही. असं असताना आधी कोट्यवधींची खरेदी, मग उद्घाटन आणि मग पदनिर्मितीचा प्रस्ताव, हा उलटा क्रम आपल्याकडे का चालतो? फिजिसिस्ट अकरा महिन्यांच्या करारावर ठेवायचा आणि तो खासगीत गेला की हळहळायचं, हेही थांबायला हवं. खरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, आता त्यासाठी वेगळं प्राधिकरण आहे. पाटी बदलली, त्याने रुग्णाचे दिवस किती वाचले, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

चौथी तक्रार राहण्या-खाण्याची. जनआरोग्य योजनेत शेकाला पैसे पडले नाहीत, हे मी मोकळेपणाने सांगते आणि त्यासाठी ऋणी आहे. पण शेक घेणारा रुग्ण भरती नसतो. भरती नाही म्हणून खाट नाही आणि जेवणही नाही. दिवसातला दहा मिनिटांचा उपचार आणि बाकीचे तेवीस तास पन्नास मिनिटं तुमचे तुम्ही बघा. आम्ही तीनशे रुपये रोजाने खोली घेतली. मी बिनपगारी रजा टाकली, माझा भाऊ शेत सोडून आलटून पालटून यायचा. मला परवडलं, कारण मला पगार आहे. आमच्या शेजारच्या खोलीतली बाई अठरा शेक घेऊन निघून गेली. पैसे संपले होते. एस.टी.चं अर्धं तिकीट ही तिला मिळालेली एकमेव सवलत. परळला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा, नाना पालकर स्मृती समितीसारखा आधार आहे, तरी पदपथावर माणसं झोपतात. आमच्याकडच्या शहरांत तर तेवढाही आधार नाही. क्षयाच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला हजार रुपये सरकार देतं. शेकाच्या रुग्णाला का नाही?

आता मागण्या. त्या नव्या धोरणातच बसवता येतील अशा आहेत.

१. धोरणातल्या प्रत्येक रुग्णालयापुढे तीन तारखा लिहा आणि त्या जाहीर करा : बंकरचं, म्हणजे किरण बाहेर जाऊ न देणाऱ्या जाड भिंतींच्या खोलीचं, बांधकाम कधी पुरं होणार, मशीन कधी येणार, पहिला रुग्ण कधी घेणार. बाहेरचा शेक असेल तिथेच आतला शेकही हवा. गर्भाशयमुखाच्या रुग्णाला एकाशिवाय दुसरा अपुरा आहे.

२. प्रत्येक सरकारी मशीनचा हिशेब दर महिन्याला उघड करा. प्रतीक्षा किती दिवसांची, मशीन किती दिवस बंद, किती रुग्णांनी उपचार सुरू केले आणि किती जणांनी ठरलेल्या मुदतीत पूर्ण केले. किती मशीन बसवली यावर आपण स्वतःला गुण देता. माझं म्हणणं आहे, की किती कार्डं वेळेत भरली यावर द्या.

३. मशीन दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर रुग्ण दुसरीकडे गेला पाहिजे, खासगीत गेला तरी चालेल, आणि योजनेतलं पॅकेज त्याच्यामागे गेलं पाहिजे. नवीन प्लॅनिंगचे पैसे सरकारने द्यावेत. शक्य तिथे जवळच्या दोन केंद्रांत एकसारखी, जुळवून घेतलेली मशीन घ्या, म्हणजे प्लॅन नव्याने मांडावा लागणार नाही.

४. पदं मंजूर होऊन भरल्याशिवाय उद्घाटन नको. देखभालीचा करार मशीनच्या पूर्ण आयुष्याचा, खरेदीबरोबरच करा, आणि मशीन बंद राहिल्यास कंपनीला रोजचा दंड त्यात असू द्या. कोबाल्टचा स्रोत बदलायची तारीख तो बसवतानाच ठरवून ठेवा.

५. प्रत्येक जिल्ह्यात तज्ज्ञ फिजिसिस्ट मिळेपर्यंत वाट बघू नका. सीटी जिल्ह्यात काढा, आखणी आणि प्लॅनिंग मोठ्या केंद्रातून संगणकावर करून घ्या आणि शेक पुन्हा जिल्ह्याजवळ द्या. मशीनपाशी सुरक्षेसाठी आणि रोजच्या तपासणीसाठी माणूस लागेलच, पण सगळी टीम लागणार नाही. तीन स्तरांच्या रचनेचा खरा उपयोग इथे आहे.

६. डॉक्टरांना योग्य वाटेल तिथे कमी दिवसांचे उपचार वापरायला त्यांना साधनं द्या. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा द्यायचा शेक एका आठवड्यात ५ वेळा देऊनही चालतो, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून २०२० मध्ये पुढे आलं. जिथे तो लागू पडेल तिथे दहा दिवस रुग्णाचे वाचतील आणि दहा दिवस मशीनचेही. मात्र पॅकेजची रचना अशी नको, की दिवस कमी केले म्हणून रुग्णालयाचे पैसे कापले गेले.

७. शेकाच्या प्रत्येक दिवसासाठी रुग्ण आणि सोबतच्या एका माणसाला रोजगार हमीच्या मजुरीइतका भत्ता, म्हणजे २०२५-२६ च्या दराने ३१२ रुपये. आणि प्रत्येक शेक केंद्राजवळ राहायला एक निवास. जमीन महसूल खात्याची, बांधकाम जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून. चालवायला लोक पुढे येतील, आमच्या भागात अन्नदानाला माणसं कमी पडत नाहीत.

या सात मागण्यांपैकी दुसरीला फारसा पैसा लागत नाही. तंत्रज्ञांच्या खोलीत रोजची नोंदवही असतेच, ती फक्त बाहेर यायची आहे. तेव्हा तिच्यापासून सुरुवात करता येईल. पहिल्या महिन्याचे आकडे आपण कधी जाहीर करणार, ती तारीख कळवावी.

आपली,
एक शिक्षिका
रिसोड तालुका, जि. वाशिम

सोबत : शेकाच्या कार्डाची छायाप्रत, नाव झाकून. मशीन बंद असल्याच्या तारखांवर लाल पेनाने खुणा केल्या आहेत. त्या माझ्या नाहीत, आईने केलेल्या आहेत.